मालूबाईचा पाट आणि वकीलसाहेबांची चूक

आमचे हे वकील होते म्हटलं की लोकांना वाटतं, घरात बोलणं पुष्कळ होत असेल. होत असे, पण माझ्याशी नव्हे. ह्यांचं बोलणं चाले दाराच्या कडीशी, खुंटीवरच्या काळ्या कोटाशी आणि सकाळी राजघाटावर तापीशी. आंघोळीला म्हणून जायचे आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून उलटतपासणी करायचे. "खरं सांग, त्या दिवशी तू बांधावर होतास की नव्हतास?" एकदा शेजारी कपडे आपटणारा म्हातारा परीट हात जोडून म्हणाला, "नहीं हुजूर, मैं तो यहीं घाट पर था." तेव्हापासून आमच्या इतवारा पेठेत ह्यांचं नावच पडलं, पाण्यातले वकील.

एका जागी बसणं ह्यांना माहीतच नव्हतं. जेवताना मध्येच उठून बैठकीत जायचे, कागदावर दोन शब्द लिहायचे, परत पाटावर यायचे आणि मला विचारायचे, "माझा भात झाला का?" मी झाला म्हटलं की मुकाट्यानं हात धुवायचे. भांड्यात भात कमी असेल त्या दिवशी मला हे बरं पडे.

मी सांगते आहे ते छप्पन सालचं. त्या वर्षी सगळं बुऱ्हाणपूरच ह्यांच्यासारखं ऊठबस करत होतं. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार, नागपूर आपल्यातून जाणार, हायकोर्ट जबलपूरला आणि राजधानी भोपाळला. बैठकीत येणारा प्रत्येक जण विचारी, "वकीलसाहेब, मग आपण कुठे राहणार?" जसं काही गाव उचलून कोणी बैलगाडीत घालणार होतं. ओळखीतली दोन मराठी बिऱ्हाडं जळगावला निघून गेली. ह्यांनीही एकदा आपल्या कारकुनाला, गजानन मुन्शीला, हळूच जळगावचं टाइमटेबल आणायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच दिवसांत मालूबाईचा दावा चालू होता. मालूबाई जवळच्या जसोंडी गावची. तिशी उलटलेली, काटक, बोलायला रोखठोक. पहिला नवरा तापात गेला, तेव्हा ही पोर होती. तीन वर्षांनी देवरामशी तिचं दुसरं लगीन झालं. नऊ वर्षं दोघांनी मिळून केळी लावल्या, कापूस वेचला. पोरबाळ झालं नाही. मग देवरामही वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ भाईदास म्हणाला की ही माझ्या भावाची बायको नव्हेच, घरात ठेवलेली बाई होती. वावर त्यानं ताब्यात घेतलं. विहीर दोघा भावांची, वार वाटून एकेकाची पाळी, ती पाळीही बंद केली. भाईदास गावातला वजनदार माणूस, म्हणून गाव गप्प बसलं. मालूबाई दुसऱ्यांच्या केळी निंदायला जाऊ लागली. तिला वावर पाहिजे होतं, विहीर पाहिजे होती, आणि त्याच्याही आधी, ती देवरामची बायको होती हे कोणीतरी मोठ्या माणसानं म्हणायला पाहिजे होतं.

तो मोठा माणूस म्हणजे जज्जसाहेब. ते होते यवतमाळकडचे. राज्याची वाटणी झाली की त्यांची बदली मुंबई राज्यात होणार, हे कचेरीतल्या पट्टेवाल्यालाही ठाऊक. आणि नवे जज्ज आले म्हणजे पुन्हा तारखा, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. म्हणून ह्यांची घाई. भाद्रपद संपायच्या आत साक्षी संपवायच्या, असं हे खुंटीवरच्या कोटाला रोज बजावत.

मालूबाईची साक्ष झाली त्या दिवशी हे दुपारीच घरी आले. कोट काढला नाही. मागच्या अंगणापासून पुढच्या दारापर्यंत फेऱ्या. मी दहा मोजल्या आणि मग म्हटलं, "चहा ठेवू?"

"बुडवलं मी तिला," हे म्हणाले.

"कोणाला?"

"मालूबाईला. मी. शालिग्रामनं नाही, भाईदासनं नाही. मी."

शालिग्राम म्हणजे भाईदासचे वकील. जाडे, हसरे, पानाचा डबा बाळगणारे. ह्यांचे मित्रच, पण कोर्टात मित्राचं नरडं धरण्यात त्यांना जास्त गोडी. झालं होतं असं. दावा लिहिताना गजानन मुन्शीनं लग्नाचा ठरलेला मजकूर घातला होता. मंडपात, ब्राह्मणाच्या हस्ते, तीस पाहुण्यांच्या समक्ष विधिवत लग्न लागलं. ह्यांनी वाचलं आणि बरोबर आहे म्हणून सही केली. लग्न म्हटलं की मंडप आलाच, ब्राह्मण आलाच, त्यात विचार कसला करायचा? मालूबाईला ते कोर्टाच्या हिंदीतून वाचून दाखवलं, तिनं न कळताच मान हलवून अंगठा दिला. आणि आज शालिग्राम वकिलांनी तिला पिंजऱ्यात उभं करून गोडीत विचारलं, "बाई, लग्नाला ब्राह्मण कोण होता?"

"बामन? बामन कोठून येईन?"

"पाहुणे किती होते?"

"कोनीच नव्हतं."

"मंडप?"

"अंधार व्हता साहेब. मंडप कायचा?"

शालिग्राम वकील हसले, जज्जसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "हुजूर, दाव्यात तीस पाहुणे आहेत, बाईच्या तोंडात एक नाही. आता खोटं कोण, कागद की बाई?"

हे सांगताना ह्यांनी अंगणातल्या तुळशीला तीन चकरा मारल्या. मी चहा ठेवला, तो तिथंच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मालूबाई आली. हे कचेरीत होते, ती सरळ माझ्याकडे चुलीपाशी येऊन बसली. डोक्यावर केळीची पानं, ती खाली ठेवली.

"मी काय खोटं बोलली का बाई? मले इचारलं, मी सांगलं. बामन नव्हता त नव्हता."

"मग लग्न लागलं कसं?"

"लगीन नाही वं, पाट लागला. तुमच्यात नाही का?"

आमच्यात नव्हताच. आमच्या घरांत नवरा गेलेल्या बाईचं पुन्हा काही होत नसे. ती कोपऱ्यात बसायची आणि वाती वळायची. माझी सख्खी मावशी चाळीस वर्षं वळत होती. शेतकरी घरांत मात्र विधवेचं पुन्हा लावून देत, त्याला पाट म्हणत. एवढं मलाही माहीत होतं. पण तो लागतो कसा, हे विचारायची मला आधी कधी गरज पडली नव्हती.

मालूबाईनं सांगितलं. पाट अंधाऱ्या पाखात, वद्य पक्षातल्या रात्री लागतो. बाई मागच्या दारानं येते. ना वाजा, ना अक्षता. गावचा पाटील दोघांच्या कपड्यांना गाठ मारतो. पाटाच्या बाईचं तोंड उजाडेपर्यंत कोणी बघायचं नसतं, म्हणून झालं की सगळे निघून जातात. ज्या पाटलानं गाठ मारली तो पाच वर्षांमागं वारला.

"मग गावाला कळतं कशावरून, की ही आता ह्याची बायको?"

"बांगड्यावरून." तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "रांडमुंड हातात सकाळी बांगड्या दिसल्या म्हंजे झालं."

"कोणी भरल्या?"

"तुमच्याच इतवाऱ्याची मनकर्णा कासारीन. मी त मान खाली घालून बसली व्हती, पदर तोंडावर. तिचा हात तेवढा दिसला."

हे घरी आले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ह्यांनी एक पायताण काढलं, दुसरं तसंच राहिलं.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही कोटाला विचारता."

 ती संध्याकाळ ह्यांनी एकाच पायताणावर काढली, खरं सांगते.

आता मनकर्णेला कोर्टात आणायचं. वकिलानं गेलं तर ती घाबरेल, म्हणून मी गेले. मनकर्णा चौकात पिंपळाखाली टोपली घेऊन बसे. माझ्या लग्नापासून मी तिच्याच हातून बांगड्या भरत आले होते. मी विषय काढला तशी तिनं टोपलीवर फडकं ओढलं.

"वकीलीणबाई, हे कुठं बोलायचं नसतं. पाटाच्या बाईला भरून आले म्हणजे त्या टोपलीला मी दुसऱ्या दिवशी धूप देते. तरी कळलं तर इथली एक सवाष्ण माझ्याकडं हात करणार नाही. म्हणतील, विधवेचा हात धरून आली आणि आता आमचा धरते."

तिचं बोलणं ऐकताना मी माझे हात पदराखाली घेतले. मुद्दाम नाही, आपोआप गेले. श्रावणात मी तिच्याच हातून भरल्या होत्या ना. मनकर्णेनं ते पाहिलं. तिनं पाहिलं हे मी पाहिलं. मावशीची आठवण झाली आणि मला माझीच लाज वाटली.

मी हात बाहेर काढले आणि पुढं केले. "भर."

"आत्ता? इथं?"

"इथंच. सगळ्यांच्या देखत. हिरव्या भर."

समोरच्या दुकानातला शेठ बघत होता, दोन बाया भाजी घेता घेता थांबल्या. मनकर्णेनं एक एक करून भरल्या. शेवटची चढवली आणि माझं मनगट सोडलं नाही.

"तुम्ही सोबत चला मग. मी कोर्टाची पायरी चढलेली नाही कधी."

"मी कुठं चढले आहे?" मी म्हटलं.

अशा आम्ही दोघी कचेरीत गेलो. नवऱ्याला वकिली करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरात वाऱ्यासारखा फिरणारा माणूस तिथं अगदी सरळ उभा होता. मला वाटलं, बघा, बायकोपुढंच ह्यांची चुळबूळ. पण मी मागच्या बाकावर होते, म्हणून मला ह्यांची पाठ दिसत होती. पाठीमागं धरलेल्या हातात एक लवंग होती आणि बोटं तिला चुरत होती. पुढून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं.

हे म्हणाले, "हुजूर, दावा दुरुस्त करण्याची परवानगी मागतो. दाव्यात मंडप आणि ब्राह्मण लिहिला, तो माझ्या पक्षकारानं सांगितलेला नाही. तिला मी विचारलंच नाही. आमच्या घरात जसं लग्न लागतं तसं तिचं लागलं असेल असं मी धरून चाललो. चूक तिची नाही, माझी आहे."

कोर्टात कुजबूज झाली. वकील भर कोर्टात चूक कबूल करतो, असं कोणी पाहिलं नसावं. शालिग्राम वकील उठले.

"हुजूर, हा माझ्या मित्राचा, दत्तात्रयरावांचा मोठेपणा आहे. दावा बुडायला लागला की चांगला वकील चूक पोटात घेतो. आणि ही बांगडीवाली तर साक्षीदारांच्या यादीतही नाही."

जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.  मालूबाई भिंतीपाशी उकिडवी बसून होती. मग जज्जसाहेब म्हणाले, "परवानगी दिली. साक्षीदार बोलवा."

मनकर्णेनं पदर घट्ट ओढून घेतला आणि पिंजऱ्यात चढली. ह्यांनी विचारलं तेवढं तिनं सांगितलं. जसोंडीला गेले, देवरामच्या घरी, हिच्या हातात भरल्या. मग शालिग्राम वकील.

"काय गं, वर्षाला हजार बायांच्या बांगड्या भरतेस. ही एकच कशी लक्षात राहिली?"

"साहेब, सवाष्ण बाई भरताना भाव करते, रंग बदलून मागते, गप्पा मारते. ही गप्प. आणि तीन वर्षं बांगडी नव्हती ना, हात कडक झालेला. पहिली चढवली, फुटली. दुसरी फुटली. मी घाबरले, म्हटलं आजच्या दिवशी फुटणं बरं नाही, राहू द्या. तर हिचा नवरा दारातून बोलला, मावशी, टोपली रिकामी झाली तरी चालेल, पण हिचे हात भरल्याशिवाय जाऊ नका."

मालूबाईनं तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत हे ती विसरली असावी. शालिग्राम वकिलांना ते आवडलं नाही. माणूस हुशार, पण थांबायचं कुठं ते त्या दिवशी चुकले. मोठ्यानं म्हणाले, "वा! आणि हे सगळं तू एकटीनंच पाहिलं. अंधार होता ना? मग दिसलं कसं? तिथं दुसरं कोणी नव्हतंच!"

"अंधारात बांगडी कशी भरणार साहेब? कंदील होता की."

"कंदील काय आपोआप उभा होता?"

"नाही. ह्यांनी धरला होता." मनकर्णेनं बोट केलं. "देवरामचे भाऊ. फुटलेल्या काचाही ह्यांनीच वेचल्या, वहिनीच्या पायात जातील म्हणून."

भाईदास बाकावर बसला होता. सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. शालिग्राम वकील त्याच्याकडं बघत राहिले. मी ह्यांच्या पाठीमागच्या हाताकडं पाहिलं. लवंग खाली पडली होती.

नंतर भाईदासला पिंजऱ्यात घेतलं. कंदील धरला होता का, एवढंच ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, "धरला व्हता. भावानं सांगलं म्हून धरला." आणि खाली उतरला.

एवढं झालं म्हणजे जिंकलो, असं मला वाटलं. हे म्हणाले, "निकाल लिहिला जाईपर्यंत काही नाही." आणि मग सुरू झालं खरं. निकालाची तारीख पडली, ती पुढं गेली. जज्जसाहेबांना ताप आला. ते बरे झाले तर त्यांच्या बदलीचा कागद आला अशी कोणीतरी आवई उठवली. हे रोज कचेरीत जाऊन पट्टेवाल्याला विचारत, "साहेबांचं सामान बांधलं का?" पट्टेवाला म्हणे, "वकीलसाब, अभी तो साहब का लोटा भी बाहर है." घरी आले की मला सांगत, "लोटा बाहेर आहे." अडीच आठवडे आमच्या घरात त्या लोट्याचीच चौकशी.

मालूबाई तारखेगणिक जसोंडीहून पायी यायची. कचेरीत काही झालं नाही की आमच्या ओट्यावर येऊन पाणी प्यायची आणि तशीच परत. बसायची नाही. म्हणायची, "केळी सुकून राहिल्या बाई. माह्या हातच्या लावलेल्या हाये. भाईदास त्याच्या बाजूले पाणी देते, माह्या बाजूले देत नाही. रोज बांधावरून पायते मी." वावर ताब्यात घेतलं होतं त्यानं, पण मालूबाईनं लावलेल्या ओळींना पाणी द्यायला त्याचं मन धजत नसावं, की सूड होता, देव जाणे. मीही मग रात्री अंथरुणात त्या ओळी मोजायला लागले, कधी न पाहिलेल्या.

मनकर्णेचं म्हणाल तर तिच्याकडं दोन घरं फिरकली नाहीत. एक तर माझ्याच शेजारची मालती. मी तिला काही बोलले नाही, तिच्या हळदीकुंकवाला तेवढी गेले नाही. बाकीच्या बाया मात्र येऊ लागल्या, भरून घेता घेता कंदिलाची हकिकत ऐकायला. मनकर्णा ती दर वेळी थोडी वाढवून सांगे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी निकाल लागला. मी कचेरीत नव्हते. हे आले ते पायताणं दोन्ही काढून, पाय धुऊन, पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं.

"काय झालं ते सांगाल का?"

"झालं. देवरामची विधिवत पत्नी. पाट हा त्यांच्या जातीतला मान्य विवाह. वावर तिचं, विहिरीत अर्धी पाळी तिची. सगळं लिहिलंय."

मी हातातली पळी खाली ठेवली. "मग मालूबाई काय म्हणाली? रडली का?"

"कुठली रडते! निकाल अर्धा वाचून होतोय तोच मला म्हणाली, पाण्याचं काय झालं? मी म्हटलं, तुझं आहे. म्हणाली, आज गुरुवार, म्हंजे आज माही पाळी. आणि चालायला लागली. मी मागून ओरडतोय, अहो मालूबाई, निकालाची नक्कल घ्यायची आहे, भाईदास खंडव्याला जिल्हा कोर्टात अपील करेल, त्याची मुदत समजून घ्या. तर म्हणते, तुमच्याजवळ राहू द्या, मले वाचता येत नाही, केळीले त्याहून नाही."

ह्यांनी भाताचा घास घेतला. 

"आणि भाईदास?"

"त्याची बैलगाडी बाहेर उभी होती. जसोंडीचा रस्ता एकच. तिच्यामागं गाडी गेली, मी पायरीवरून पाहत होतो. त्यानं हाक मारली, बस गाडीत. ती म्हणाली, चालते मी."

"मग?"

"बसली नाही ती." हे ताटाकडं बघत म्हणाले. "पण त्यानंही गाडी तिच्यापुढं काढली नाही. वळणापर्यंत मला दिसत होतं, ती पुढं, बैल मागं."